स्ट्रमिंग पॅटर्न पाठ आहे, पण कॉर्ड बदलताना हात थांबतो. काय करू?

गॅलरीतली_गिटार
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. वय ४३, राहते भांडुपला, नोकरी परळला. गिटार खरं तर माझी नाहीच, मुलाची. दहावीच्या सुट्टीत हट्ट करून घ्यायला लावली, सहा क्लास केले आणि मग दीड वर्ष ती कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून पडली होती. दिवाळीच्या साफसफाईला खाली काढली, विकायच्या आधी एकदा वाजवून बघू म्हणून हातात घेतली आणि आता चार महिने झाले मीच वाजवतेय. म्हणजे वाजवतेय असं आपलं म्हणायचं.

तर येतं काय, जी, सी, डी, ई मायनर आणि ए मायनर. एफ येत नाही, त्याला अख्खं बोट आडवं टाकायला लागतं, एफचं नाव काढू नका. व्हिडिओ बघून तो सगळे शिकवतात तो पॅटर्न शिकले, डाऊन डाऊन अप अप डाऊन अप. एकाच कॉर्डवर वाजवत बसले तर अर्धा तास छान वाजतो, मलाच कौतुक वाटतं. पण कॉर्ड बदलायची वेळ आली की संपलं. डावा हात सी वरून जी वर पोचेपर्यंत उजवा हात हवेत तसाच, स्टॉपवर बसची वाट बघत उभा राहिल्यासारखा, आणि मग परत पहिल्यापासून डाऊन डाऊन. त्यात गायला गेले तर विचारूच नका, हात शब्दांच्या मागे पळायला लागतो, तोंडातून जेवढी अक्षरं निघतील तेवढे डाऊन.

आमच्या सासूबाई बिल्डिंगच्या भजनी मंडळात टाळ वाजवतात, वय ७१. परवा त्या ओट्याशी भाजी निवडत होत्या, तिथूनच म्हणाल्या, अगं तू दर ओळीला दम का खातेस, गाणं काय तुझ्यासाठी थांबणारे? मला हसूही आलं आणि लागलंही.

आता अडचण अशी की तीन आठवड्यांनी रविवारी भाचीचा वाढदिवस आहे, ती सात वर्षांची होणार, आणि मी नको तिथे शेखी मिरवून मामी गिटार वाजवणार असं कबूल करून बसलेय. त्यासाठी एक हिंदी गाणं निवडलं होतं, नाव सांगत नाही नाहीतर चर्चा त्याच्यावरच सुरू होईल, पण त्यात आठ कॉर्ड आहेत आणि दोन तर अख्खं बोट आडवं टाकून धरायचे. ते काही माझ्याच्याने होत नाही. तर हात थांबू नये म्हणून काय करायचं, आणि मला झेपेल असं काहीतरी सोपं सुचवा. घरात वेळ रात्री जेवणं झाल्यावर पाऊण तास मिळतो, तोही दार लावून, कारण शेजारी लहान बाळ आहे.


तिसरीतार
ताई, अर्धं उत्तर तुमच्या सासूबाईंनीच दिलंय, राहिलेलं मी देतो.

तुम्ही तो पॅटर्न सहा फटक्यांचा म्हणून पाठ केलाय, तिथेच घोळ आहे. तो सहाचा नाहीये, आठचा आहे, फक्त दोन फटके हवेत जातात. असं मोजा, एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. आकडा आला की हात खाली, 'आणि' आला की हात वर, नेहमी, कुठलाही पॅटर्न असू दे. आता यातला पहिला 'आणि' तारांना लागत नाही आणि 'तीन' लागत नाही, बाकी सगळे लागतात, झाला तुमचा डाऊन डाऊन अप अप डाऊन अप. पण 'तीन'ला हात खाली जातोच, फक्त तारांपासून बोटभर लांबून. नवीन लोक काय करतात, दोन अप लागोपाठ आहेत म्हणून मध्ये हात वरच धरून ठेवतात, आणि एकदा हात थांबायला शिकला की तो कॉर्ड बदलतानाही थांबणारच.

शिलाई मशीन चालवलंय का कधी? पाय हलतोय तोवर सुई खालीवर होणार, खाली कापड असो नसो. उजवा हात म्हणजे ती सुई. कापड कधी सरकवायचं हे डाव्या हाताचं काम, सुईला त्याच्याशी देणंघेणं नाही.

बाळ झोपलेलं असताना करायचा उपाय सांगतो. एक हातरुमाल घडी करून ब्रिजच्या (गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी पट्टीच्या) जवळ तारांखाली सरकवा, आवाज नुसता चक चक येतो, शेजारी काय आतल्या खोलीतही जात नाही. मोबाईलवर मेट्रोनोम फुकट मिळतो, तो ६० वर ठेवा, म्हणजे सेकंदाला एक ठोका. पहिले दोन दिवस डावा हात मानेला लावूच नका, नुसते आठही फटके, खाली वर खाली वर, तोंडाने मोजत. मग पहिला 'आणि' गाळा. मग 'तीन' गाळा. तोंडाने मोजणं सोडायचं नाही, मनातल्या मनात मोजलं की माणूस स्वतःशी चीटिंग करतो.

आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही, कॉर्ड बदलायला वेळ हवा असतो तो आठव्या फटक्यातून चोरायचा. म्हणजे 'चार' वाजला की डावी बोटं उचला, शेवटचा 'आणि' मोकळ्या तारांवर वाजला तर वाजू दे. भले भले वाजवणारे असंच करतात, चालत्या गाण्यात कानाला कळतही नाही. पुढच्या 'एक'ला बोटं जागेवर आली पाहिजेत, एवढंच. आणि नाही आली तरी उजवा हात थांबवायचा नाही, खोटं वाजू दे, अर्धवट वाजू दे.

अप फटक्याला सगळ्या सहा तारा ओरबाडू नका, खालच्या बारीक दोन तीन लागल्या की पुरे. प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची ती चिपटी, जाडा असेल तर ०.६० मिलिमीटरच्या आसपासचा पातळ घ्या, जाडा तारांत अडकतो आणि हात कडक होतो.


उगाच_एक
एफचं नाव काढू नका 😂 मी सात वर्षं नाव काढलेलं नाही. संसार सुखाचा चाललाय.


केरवावाला
वरच्या भावाने बरोबर सांगितलंय पण एवढे आणि आणि कशाला करता राव. मी लालबागचा, ढोलकी वाजवतो, गिटार हौस म्हणून. घरात भजन आहे म्हणताय ना, मग तुमच्या कानात हे सगळं आधीच आहे, फक्त नाव वेगळं आहे.

आठ फटके म्हणजे केरवा. धा गे ना ती, न क धी ना. आठ मात्रा, चार चारचे दोन भाग. आता तुमचा पॅटर्न याच्यावर बसवा. धा वर वाजला, गे गाळला, ना ती वाजले, न गाळला, क धी ना वाजले. म्हणजे पाचवी मात्रा गाळलीये, आणि केरव्याची खाली कुठे येते, पाचव्या मात्रेलाच. खाली म्हणजे गप्प बसणं नव्हे हे मला माहितीये, तबलेवाले अंगावर येऊ नका, पण लक्षात ठेवायला झकास आहे. टाळी द्यायची जागा 'एक', हात हवेत उघडायची जागा 'तीन'. सासूबाईंना म्हणावं केरवा धरा टाळांवर, आणि तुम्ही त्याच्यावर नुसता हात चालवा. मेट्रोनोम चुकीच्या जागी चुकलात तरी काही बोलत नाही. सासूबाई बोलतील.

दुसरं म्हणजे सगळीच गाणी आठात बसत नाहीत. बऱ्याच कोळीगीतांचा झुलता ठेका आहे ना, होडी हलल्यासारखा, तो सहाचा. दादरा, धा धी ना धा ती ना. त्याच्यावर जर तुम्ही डाऊन डाऊन अप अप मारायला गेलात तर दोन ओळींत होडी उलटणार. गाणं निवडलं की आधी गिटार हातात घ्यायची नाही, मांडीवर थाप मारून बघायचं सहाचं आहे का आठचं. निम्मे नवशिके इथेच फसतात आणि मग बोटांना दोष देतात.


सरळहात
माझं मत वेगळं आहे आणि ते कोणाला आवडत नाही.

पॅटर्न शिकूच नका. निदान आत्ता तरी. तीन आठवडे आहेत, पाऊण तास रोज, त्यात बाण काढलेले तक्ते पाठ करून गाणं होणार नाही. प्रत्येक कॉर्डला एकच डाऊन, 'एक'वर, आणि तो घुमू द्यायचा, तेवढ्या वेळात पुढची कॉर्ड धरायची आणि गायचं. तेवढ्यावरही गाणं ओळखू येतं की नाही बघा, येतं. मग दोन डाऊन, मग चार. चार डाऊन प्रत्येक आकड्याला सरळ वाजवून पूर्ण गाणं न थांबता झालं की मधले अप आपोआप येतात, कारण हात खाली गेला की वर तर यावाच लागतो, वर येताना कधीतरी तारेला लागतोच. मी पॅटर्न म्हणून एकही पॅटर्न शिकलो नाही आणि गेली बारा वर्षं मित्रांच्यात वाजवतोय.


तिसरीतार
@सरळहात, पूर्ण असहमत नाही. पण 'आपोआप येतात' हे ज्यांना येतात तेच म्हणतात. माझे दोन वर्षं आले नव्हते. चार डाऊन ठीक, पण हात आकड्याला खाली आणि मध्ये वर असा सतत हलता ठेवूनच, एकदा वाजवून परत थांबून नाही. नाहीतर ताईंचा मूळ आजार तसाच राहील.


सरळहात
हलता ठेवून, हो. ते मी गृहीत धरलं होतं.


तिसरीतार
गृहीत धरलेलंच तर त्यांना येत नाहीये ना भाऊ.


धोबीतलाव_जुना
तुमचं चालू द्या, मी गिटारबद्दल विचारतो कारण कोणीच विचारलं नाही. ती कपाटावर दीड वर्ष, म्हणजे मध्ये दोन पावसाळे गेले. तारा बदलल्यात का? नसतील बदलल्या तर बोट फिरवून बघा, खरखरीत लागेल आणि बोट काळं होईल. मुंबईच्या दमटपणात लोखंडी तारेला गंज धरतो, अशा तारा ट्यून राहत नाहीत, बोटं सोलवटतात आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. लाइट किंवा एक्स्ट्रा लाइट तारांचा सेट मागा, बारीक तार १० ची असते तो एक्स्ट्रा लाइट, नवीन बोटांना बरा. पण एक खबरदारी, गिटार नायलॉन तारांची असेल तर तिच्यावर स्टीलच्या चढवू नका, ताण सोसत नाही, ब्रिज उखडतो. माझ्या मेव्हण्याने हा प्रयोग केलेला आहे, दुपारी जेवायला बसलो होतो आणि आतल्या खोलीतून बंदुकीसारखा आवाज आला.

अजून एक, बाराव्या फ्रेटशी (मानेवर धातूच्या आडव्या काड्या असतात ना, त्या फ्रेट) तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा, मुलांच्या कंपासमधली पट्टी चालेल. दोन अडीच मिलिमीटर ठीक. चारच्या आसपास असेल तर कॉर्ड बदलायला वेळ लागणारच, त्यात तुमचा दोष नाही. लाकूड दमटपणा ओढून घेतं, पोट फुगतं, तारा वर जातात. दुकानात नेऊन सेटिंग करून घ्या. आणि चादरीत गुंडाळू नका, बॅगेत ठेवा, नवीन चपलांच्या खोक्यात ती जेलची पुडी येते ना, तीन चार टाका आत.

मेट्रो सिनेमाजवळ, धोबीतलावला जायची सवड काढा एकदा. मी शाळेत असताना वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो होतो. फुर्ताडोज हे वाद्यांचं दुकान तिथलं, १८६५ पासूनचं. त्या भागात गोव्याच्या लोकांचा राबता फार, तिथल्या जेर महाल इमारतीत वेगवेगळ्या गावांचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या राहायच्या जागा, आहेत, गावाकडून आलेला माणूस तिथे उतरायचा. त्यातले वाजवणारे नोटेशन वाचू शकायचे म्हणून हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात त्यांचा भरणा असायचा. ते म्हणे समोर कागद ठेवला की पहिल्याच फेरीत वाजवून मोकळे, आणि आपण इथे डाऊन डाऊन अप अपवर भांडतोय.


मालडबा
मी कल्याण सीएसएमटी रोजचा. गिटार गाडीत न्यायची सोय नाही, एकदा नेली होती, दादरला उतरताना आख्ख्या डब्याचे शब्द ऐकले, तेव्हापासून हे नाव घेतलं. पण प्रॅक्टिस गाडीतच होते. सकाळच्या गाडीला भजनी मंडळ असतं ना, ते टाळ नसले तरी पार्टिशनच्या पत्र्यावर थाप मारून ठेका धरतात. मी बॅगेवर उजवा हात ठेवून नुसता खालीवर, त्यांच्या लयीवर. ती मंडळी स्टेशन आलं, गर्दी चढली, कोणी पायावर पाय दिला, बुवांचा शब्द विसरला, तरी ठेका सोडत नाहीत, हे बघण्यासारखं आहे. शब्द चुकले तर कोणीतरी सांभाळतं. ठेका चुकला की सगळे वळून बघतात.

ताई तुम्ही भांडुप परळ करता म्हणजे स्लोने थेट, वीस पंचवीस मिनिटं तर मिळतात रोज. लेडीज डब्यात बसायला मिळत असेल तर मांडीवर करा, शेजारची बाई विचित्र बघेल, दोन दिवसांनी सवय होते तिला.


गॅलरीतली_गिटार
अहो एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. तारा खरंच काळ्या झाल्या होत्या, मी समजत होते तो रंगच तसा असतो. बदलून आणल्या, दुकानातल्या मुलाने ब्रिजमधली ती पांढरी पट्टी काढून घासून दिली, फट आता कमी झालीये. सी धरताना जे दातओठ खावे लागायचे ते लागत नाहीत.

हातरुमाल लावून आठ फटके केले. पहिल्या दिवशी वाटलं होतं हे काय बालवाडीतलं, आणि 'तीन'ला हात खाली नेऊन तारेला न लावणं मला चक्क पंधरा मिनिटं जमलं नाही. सारखा लागतच होता. मग सासूबाई आल्या, पलंगावर बसल्या, टाळ घेतले नाहीत (बाळ), नुसत्या हाताने टाळी आणि खाली दाखवत राहिल्या, धा गे ना ती म्हणत. त्यांचा हात पाचव्या मात्रेला उघडला की माझा तारेवरून निसटायचा. एकदम जमलं. दोघी पाऊण तास बसलो होतो, दूध उतू गेलं.

तरी सी वरून जी अजून उशीरच होतोय. आणि गाणं कुठलं ते ठरलंच नाहीये.


तिसरीतार
सी ऐवजी सी अ‍ॅड नाईन धरा. जी चारही बोटांनी धरा, म्हणजे अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि करंगळी पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक, तारेवर तिसऱ्या फ्रेटला. ही दोन बोटं आता तिथून हलवायचीच नाहीत. उरलेली दोन, पाचव्या सहाव्या तारेवरची, एकेक तार खाली सरकवली की झाला सी अ‍ॅड नाईन. त्याच दोन बोटांना तिथेच ठेवून ई मायनर सेव्हन आणि डी सस फोरसुद्धा होतात. चार कॉर्डची निम्मी हिंदी मराठी गाणी यात निघतात आणि डावा हात जवळजवळ जागेवरच राहतो. वाजतंही जरा भरल्यासारखं.

घड्याळ लावून एका मिनिटात जी वरून सी अ‍ॅड नाईन किती वेळा होतं ते मोजा, कागदावर तारीख घालून लिहा. सुरुवातीला पंधरा वीस होतील. साठ झाले की गाण्यात अडत नाही.


काळीचार
मी गाते, गिटार थोडीफार. वाढदिवस आहे ना भाचीचा? मग गाणं शोधताय कशाला, वाढदिवसाचंच वाजवा की! तीनच कॉर्ड आहेत, जी, डी, सी. लोकांना वाटतं ते बालिश आहे पण नवशिक्याला त्याच्याइतकं चांगलं गाणं नाही, कारण गायचं काम पाहुणे करतात आणि तुम्हाला फक्त हात चालवायचाय.

पण दोन खाचा आहेत. एक म्हणजे ते आठचं नाही, तीनचं आहे. एक दोन तीन, एक दोन तीन, 'एक'ला जाड तारेसकट डाऊन, दोन आणि तीनला वरच्यावर बारीक तारांना हलके डाऊन. केरवावाल्यांनी म्हटलं तसं मांडीवर थाप मारून बघा. दुसरं म्हणजे 'हॅपी' समेवर नाहीये, समेच्या आधी आहे. सम 'बर्थ'वर येते. तुम्ही जर 'हॅपी'ला पहिला फटका मारला तर पूर्ण गाणं तिरकं जाणार. 'हॅपी'ला गप्प, 'बर्थ'ला जी, 'यू'ला डी. दुसऱ्या ओळीत 'बर्थ'ला डी तसाच, 'यू'ला जी. तिसरीत 'बर्थ'ला जी आणि भाचीच्या नावाला सी. शेवटची ओळ 'बर्थ'ला जी, 'डे'च्या आसपास डी, 'यू'ला परत जी. घाई फक्त त्या शेवटच्या ओळीत आहे, तेवढीच घोटा.

आता सुराचं. जी म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. त्यात तिसऱ्या ओळीला जी उडी आहे ती बायकांना जड जाते, किंचाळल्यासारखं होतं. कॅपो घ्या एक, मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा असतो तो, पाचव्या फ्रेटवर लावा, बोटं जी डी सी चीच, पण वाजेल पांढरी एक. तिथे बायका मुलं आरामात गातात, पुरुष मंडळी आपापलं बघून घेतील, तशीही ती केककडे बघत असतात. सुरू करायच्या आधी चौथी तार मोकळी छेडा, 'हॅपी'चा सूर तोच आहे, तो लोकांना ऐकू द्या.

भजनाबरोबर वाजवायचं पुढे मनात असेल तर हे लिहून ठेवा, कॅपो एक फ्रेट पुढे म्हणजे पेटीवर एक पट्टी पुढे, काळी पांढरी सगळ्या धरून. सी शेप आणि कॅपो पहिल्यावर, काळी एक. जी शेप आणि कॅपो पहिल्यावर, काळी चार, ती माझी. जी शेप कॅपो तिसऱ्यावर, काळी पाच. पेटीवाल्याला डी शार्प म्हणून सांगाल तर तो तोंडाकडे बघेल, काळी दोन म्हणा.


उगाच_एक
हे माझ्या क्लासवाल्याने कधी सांगितलं नाही. मी पेटीवाल्या काकांना डी शार्पच म्हणालो होतो. तोंडाकडेच बघितलं.


गॅलरीतली_गिटार
सांगायला आले. रविवार झाला.

एकोणीस दिवस नुसतं तेच वाजवलं. मुलगा म्हणाला, आई आता घरात कोणाचा वाढदिवस आला तर मी निघून जाईन. मिनिटाला बदल एकवीसवरून सत्तेचाळीसपर्यंत गेले, साठ काही झाले नाहीत. गाडीत मांडीवर पण केलं, शेजारी बसणाऱ्या बाईने तिसऱ्या दिवशी विचारलं हाताला काय होतंय का.

प्रत्यक्षात काय झालं, नणंदेच्या घरी मुलुंडला तीस माणसं दोन खोल्यांत. लाईट घालवले, मेणबत्ती लावली, मी कॅपो पाचव्यावर लावून चौथी तार छेडली, अगदी सांगितल्याप्रमाणे. कोणाला ऐकू आली नाही. तेवढ्यात दिरांनी स्वतःच्या मनानेच 'हॅपी' उचललं, कुठल्या पट्टीत ते देव जाणे, आणि सगळे त्यांच्या मागे. माझी पांढरी एक आणि त्यांचं भलतंच. पूर्वीची मी असते तर हात थांबला असता आणि गिटार खाली ठेवून टाळ्या वाजवल्या असत्या. पण हात थांबलाच नाही! डाव्या हाताचा तळवा तारांवर आडवा ठेवला, आवाज बंद, आणि उजव्या हाताने नुसतं चक चक चक, एक दोन तीन. सूर नाही पण ठेका होता. सासूबाई माझ्याकडे बघून टाळ्यांवर तो धरायला लागल्या, मुलांनी धरला, गाणं चक्क सुटलं नाही.

मग ते दुसरं कडवं असतंच ना आपल्याकडे, देव भलं करो वालं, त्याच्या आधी सगळे श्वास घ्यायला थांबले. त्या फटीत मी तार जोरात छेडली आणि स्वतःच सुरू केलं, पांढरी एकमध्ये. आले सगळे. तिसऱ्या ओळीची सी अर्धवट लागली, पाचवी तार बुजली होती, पण ती फक्त मलाच कळली. भाची केक सोडून माझ्या बोटांकडे बघत होती.

रात्री गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, आज दम नाही खाल्लास. आणि मुलुंड सुटल्यावर म्हणाल्या, एकादशीला मंडळात ये, दोन गजर वाजव. बुवांची पट्टी काळी एक. मी लगेच काळीचार ताईंचं लिहिलेलं काढलं, सी शेप, कॅपो पहिल्यावर. कॉर्ड काढले तर सी, जी... आणि एफ.


उगाच_एक
या. स्वागत आहे.


काळीचार
अहो थांबा, घाबरू नका. कॅपो चौथ्यावर न्या आणि ए शेप धरा. ए, डी, ई. तीच काळी एक. एफ नकोच. ए म्हणजे दुसऱ्या फ्रेटला तीन बोटं एका रांगेत, ई तुम्हाला ई मायनरमध्ये एक बोट घालून मिळतो.


उगाच_एक
सात वर्षं. सात वर्षं हे कोणी का नाही सांगितलं.